एक चप्पल रंगभवनात

गेल्या उन्हाळ्यात माय परभणीत दवाखान्यात होती. रात्री साडेअकराला खालून वरात निघाली. डीजेच्या दणक्यानं सलाईनची नळी थरथरायला लागली, खिडकीची तावदानं वाजायला लागली. मी गॅलरीत जाऊन दोन शिव्या हासडल्या. हात पायातल्या चपलेकडे गेला आणि तिथंच थांबला. कारण पस्तीस वर्षांपूर्वी मी एकदा चप्पल फेकलेली आहे. वाजवणाऱ्यांवरच. आणि त्यांचा काही म्हणजे काही गुन्हा नव्हता.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा परभणीहून मुंबईला जायचं तर मनमाडपर्यंत मीटरगेज, तिथं उतरून दुसरी गाडी. मामेभाऊ गिरगावात खोली करून राहायचा. त्याला रॉक संगीताचं वेड. इंडिपेंडन्स रॉक नावाचा कार्यक्रम १९८६ पासून ऑगस्टात धोबीतलावच्या रंगभवनात व्हायचा. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं हे उघडं थिएटर. १९७८ च्या जॅझ यात्रा महोत्सवात सनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला इथं वाजवून गेला, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की रॉक मशीन नावाचा बँड येणार. बाकीचे बँड विलायती गाणी जशीच्या तशी वाजवायचे, हे स्वतःची लिहायचे. १९८८ साली त्यांची रेकॉर्ड निघाली होती. गाणारा उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. तिनईकर हे नाव ऐकून मला उगाच घरचं कुणीतरी असल्यासारखं वाटलं होतं. इंग्रजी माझं काठावर पास.

त्यांच्या आधी एक लहानसा बँड आला. नाव तेव्हाही नीट ऐकू आलं नाही. चार पोरं, एक गिटार, एक बेस, एक ड्रम आणि चौथा चक्क तबला घेऊन मांडी घालून बसलेला. पाऊस भुरभुरत होता. गाणं सुरू झालं म्हणावं तर कुणी गाईचना. बेस एकाच सुरावर धरून ठेवलेला, गिटारवाला मध्येच तार ओढून सोडून द्यायचा, आणि तबला त्या सगळ्याच्या खालून कुठंतरी दुसऱ्याच हिशेबानं चालायचा. पाच मिनिटं झाली, सात झाली. भाऊ म्हणाला, "ह्ये काय वाजवायलेत रे?" मागून आरडाओरडा सुरू झाला. विलायती गाण्यांच्या फर्माइशी. मग कागदाचे बोळे, मग प्लॅस्टिकच्या बाटल्या.

आता खरं सांगतो. मला ते आवडायला लागलं होतं. तबल्याची सम कुठं पडते ते मी मांडीवर बोटांनी मोजत होतो, आणि ती दर वेळी माझ्या अंदाजाच्या अर्धी मात्रा पुढं निघायची. एकदा ती सापडली. अगदी त्याच वेळी शेजारचे सगळे उठून ओरडायला लागले. मीही उठलो. जीन्स घातलेली इंग्रजी बोलणारी ती पोरं, त्यांच्यात मी परभणीचा, शर्ट खोचलेला. मला वाटलं, ह्यांना जे कळतं ते आपल्याला कळत नाही असं दिसायला नको. वाकलो, उजव्या पायातली चप्पल काढली आणि भिरकावली.

ती स्पीकरच्या खोक्यावर आपटून तबलजीच्या गुडघ्याजवळ पडली. त्यानं हात थांबवला नाही. एक आवर्तन पुरं केलं, मग डाव्या हातानं चप्पल उचलली, स्टेजच्या कडेला नीट सरळ ठेवली, जशी देवळाबाहेर ठेवतात तशी, आणि पुन्हा डग्ग्यावर हात ठेवला. लोक हसले. भावानं माझ्या पाठीवर थाप मारली. बँडनं गाणं अर्ध्यात सोडलं नाही, पुरं करूनच उठले. गाणं मात्र ते एकच झालं.

नंतर रॉक मशीन आलं. लोक वेडे झाले, म्हणजे झालेच असणार. मला त्यातलं एकही गाणं धड आठवत नाही. ज्याच्यासाठी शेकडो मैल आलो त्याच्या वेळी मी स्टेजच्या कडेच्या चपलेकडे बघत होतो. कार्यक्रम संपल्यावर दहा पावलं पुढं जाऊन ती उचलता आली असती. धीर झाला नाही. डावी चप्पल हातात घेऊन पावसात अनवाणी गिरगाव गाठलं.

पुढं २००० साली आवाजाचे नियम आले. दवाखाना, कॉलेज, कोर्ट यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या आजूबाजूला कामा हॉस्पिटल, जी. टी. हॉस्पिटल, झेवियर्स. २००३ पासून तिथलं संगीत बंद झालं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पोलीस अधिकारी करकरे, कामटे, साळसकर दहशतवाद्यांच्या गोळ्यांनी ज्या गल्लीत मारले गेले ती रंगभवनची, तेव्हा हे नाव टीव्हीवर पुन्हा ऐकलं. मी बरीच वर्षं सांगत फिरलो की मुंबईनं आपलं एक चांगलं ठिकाण गमावलं, दहा वाजता भोंगा बंद करा, पण जागाच कशाला बंद करता? आमच्या परभणीत तर वर्षभर डीजे चालतो, कोण मोजतं शंभर मीटर? पण त्या रात्री मायच्या खाटेजवळ बसून मला नियम बरोबर वाटला. सकाळी पुन्हा वाटेना. कामा हॉस्पिटलमधली एखादी बाळंतीण त्या ऑगस्टात कूस बदलत पडली असेल, हा विचार पस्तीस वर्षांत मला एकदाही शिवला नव्हता.

आणि आवाजाचं सोडा, नव्या पोरांनी नवं काही वाजवलं की ओरडणारे आपल्याकडेही कमी नाहीत. शाळेच्या गॅदरिंगला बघा. पोरगं स्वतः बसवलेलं काही वाजवायला लागलं की पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेतून सिनेमाच्या गाण्याची फर्माइश येते. बहुतेक वेळा ओरडणारा पालकच असतो.

तेव्हा मुंबईहून परतल्यावर घरी मी सांगितलं की लोकलच्या गर्दीत चप्पल गेली. मायनं विश्वास ठेवला. वडलांनी उरलेली डावी चप्पल दृष्ट लागू नये म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं तारेनं बांधली. दुष्काळात ट्रॉली विकली, तेव्हा तीही गेली.