हिरव्या शाईची पत्रं

गोष्ट लिहून झाली, तरी झोप नाही. आता तिला सजवायचं. हॅरी पॉटरच्या दुनियेत घडणारी माझी ही गोष्ट पत्रांतून उलगडते. मूळ लेखिका रोलिंगबाईंनी हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचं पत्र पाचूसारख्या हिरव्या शाईत लिहिलं, तेव्हा माझ्याही वेबपानावर हिरवी शाई हवीच. मागे चर्मपत्राचा पिवळट रंग, कडेला बारीक वेलबुट्टी. कुणाला हा रिकामटेकडेपणा वाटला, तर वाटो.

खरी कसोटी मराठीत लागते. इंग्रजीसाठी बेतलेले सजावटीचे नमुने बऱ्याचदा अक्षराअक्षरांत जागा सोडतात. रोमन लिपीला ते शोभतं. देवनागरीची शिरोरेषा मात्र जागोजागी तुटते. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. म्हणून अक्षरांतलं जादा अंतर शून्य आणि ओळी ऐसपैस.

जिओसिटीज या संकेतस्थळावर एकेकाळी अशी हौशी पानं मुबलक होती: लुकलुकणारे तारे, आपोआप वाजणारं संगीत. अमेरिकेतलं ते दुकान २००९ मध्ये बंद झालं. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांच्या कथांच्या संकेतस्थळावर मात्र लेखकाला आजही आपल्या कथेचं रूप ठरवता येतं आणि वाचकाला ती सजावट एका बटणाने उतरवता येते. हे मला मनापासून पटतं. माझी वेलबुट्टी खुशाल उतरवा. माझ्या गोष्टीत हॉगवर्ट्सचा शिक्षक स्नेप लिहितो त्या पत्रातली खाडाखोड तेवढी तशीच दिसेल, कारण ती सजावट नव्हे, मजकुरातच आहे; स्नेपने आधी काय लिहिलं होतं, ते त्या रेघेखालीच तर कळतं!