भंडाऱ्यातल्या हॉलची जमीन

नागपूरहून भंडारा साठ-बासष्ट किलोमीटर. पावसाळ्यात या रस्त्याने यावे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या तुडुंब भरलेल्या, बायका ओणव्या होऊन रोवणी करताहेत आणि मध्येच एखादी बोडी चमकते. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या मालगुजारी तलावांमुळे याला तलावांचा जिल्हा म्हणतात. मुक्काम आमच्या आपाकडे होता. तिच्या घरी मीठ बरणीत पाणावलेले आणि दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट. या हवेत धान चांगले पिकते. बुरशीही तितकीच चांगली पिकते.

आमची भाची कबड्डी खेळते. शहरातल्या ज्या हॉलमध्ये ती सरावाला जाते तो पाहायला आम्ही गेलो, कारण घरात त्यावरून वाद चालू होता. मागच्या पावसाळ्यात तिथल्या मुलींना गजकर्ण झाले. आधी एकीच्या मानेवर, मग दुसरीच्या दंडावर, महिनाभरात सात-आठ जणींना. शेजारच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मलम आणून लावले गेले. अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि मग डॉक्टरांचे औषध जास्त दिवस घ्यावे लागते. मुलींची नावे खेळातून कमी होऊ लागली. “मुलीच्या अंगावर डाग राहिले तर?” हा प्रश्न आयांच्या तोंडी होता. खेळाला कुणाचाच विरोध नव्हता. जमीन घाण होती, एवढेच.

कबड्डीची मॅट फोमची, चौकोनी तुकडे जोडून केलेली. त्या जोडांत घाम, केस आणि माती अडकते. पकड झाली की चेहरा, कोपर, गुडघे सगळे तिच्यावर घासते. त्यात रोवणीच्या दिवसांत मुली शेतातून थेट सरावाला येतात. टाचांच्या भेगांतला चिखल कितीही धुतला तरी थोडा उरतोच.

हॉल आता सांभाळतात त्या बाई सकाळी सहाला येतात. आम्ही बाकावर बसून त्यांचे काम पाहिले. शेजारच्या लाकडी बॅडमिंटन कोर्टावर त्यांनी आधी रुंद कोरडा मॉप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत फिरवला, न उचलता. “आधी कोरडं झाडा लागते, भाऊ. ओला पोछा मारला का लाकूड फुगते जी.” खरे आहे. रेतीचा बारीक कण बुटाखाली पॉलिश पेपरासारखा घासतो आणि वरचा लेप उडतो. मग फळी पाणी पिते, कडा वर येतात आणि कोर्ट लाटांसारखे होते. म्हणून पोछा घट्ट पिळलेला, नुसता ओलसर. मेण किंवा तेलकट फिनाइल तर मुळीच नाही. त्यावर पाय सरकतो आणि गुडघा जातो.

मॅटसाठी त्यांची बादली वेगळी. झाडून, साबणाच्या पाण्याने पुसून, मग ब्लीच: बाजारात मिळणारे पातळ ब्लीच एक लिटर पाण्यात दहा मिली, रोज ताजे. दहा मिनिटे ओले राहू द्यायचे, मग साध्या पाण्याने पुसायचे आणि पंखा लावून कोरडे करायचे. ही दहा मिनिटे लोक वाचवतात आणि सगळी मेहनत वाया जाते. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधी मिसळायचे नाही, त्यातून विषारी वायू निघतो. हे घरच्या मोरीलाही लागू आहे, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

जुन्या आखाड्यांत हेच काम वेगळ्या रीतीने होई. कोल्हापूरच्या तालमींत लाल माती चाळून हौदात घालतात. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू मुरवतात. रोज फावड्याने उकरून पाणी शिंपायचे आणि फळीने सारखी करायची. हे काम पैलवानांचेच, नोकराचे नाही. याच तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. बाबूजमाल तालीम तर दर्ग्याच्या शेजारचीच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अशाच मातीत घडले आणि 1952 साली हेलसिंकीला मॅटवर खेळून कांस्यपदक घेऊन आले. माती गेली आणि मॅट आली, पण उस्तादाने फावडे हातात देण्याची रीत काही मॅटबरोबर आली नाही. आमच्या मते खरा घोटाळा तिथे झाला. मॅट दिसायला धुतलेली दिसते, म्हणून कुणी धूत नाही.

भाचीच्या प्रशिक्षक बाईंनी ती रीत परत आणली आहे. आठवड्याच्या पाळ्या लावल्या. दोन मुली सरावानंतर मॅट पुसतात आणि रविवारी सगळ्या मिळून तुकडे सुटे करून खालची फरशी धुतात. बाहेरच्या चपला दाराशी काढायच्या. यावर आपा म्हणाली, “मशिदीत पोरांना हे सांगावं लागत नाही, मग हॉलमध्ये का?” प्रत्येकीचा टॉवेल वेगळा. अंगावर चट्टा दिसला तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत मॅटवर यायचे नाही, आणि त्यात लाज मानायची नाही. पाच मुली परतल्या आहेत. दोघींच्या घरचे अजून तयार नाहीत. एकीच्या अब्बांना आम्ही भेटून आलो. सकाळी सहाला येऊन एकदा काम पाहा, एवढेच त्यांना सांगितले.

पूर ही इथली निराळी गोष्ट. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा भंडारा शहरात शिरली होती. पुराचे पाणी लाकडी जमिनीवर आले तर फळ्या सुकवून वाचतीलच असे नाही. खालचा गाळ काढला नाही तर वास आणि बुरशी कायमची राहते. म्हणून त्या बाई पावसाळ्यात मॅटचे तुकडे रात्री बाकांवर रचून ठेवतात. त्या कामाचे वेगळे पैसे त्यांना मिळत नाहीत. पालकांनी आता दरमहा प्रत्येकी वीस रुपये जमवायचे ठरवले आहे. ब्लीच, मॉपचे कापड आणि बाईंचा त्या वेळचा मेहनताना त्यातून निघेल. पहिला हिशेब लिहायची वही भाचीकडे आहे.