गोव्यातले ‘मेड बाय ट्रक’ डोंगर

गोवा म्हटलं की बागा-कलंगुट आणि शॅकवरची फिश करी. त्यात वाईट काहीच नाही. पण पावसाळी वीकएंडला एकदा गाडी समुद्राच्या उलट दिशेला वळवून बघा. मी वळवली. डिचोली-साखळीच्या वाटेवर विचित्र डोंगर दिसायला लागतात. सपाट माथा, पायऱ्यापायऱ्यांचा उतार. काही लालभडक, काही गडद हिरवे. हे डोंगर निसर्गाने नाही, ट्रकनी रचलेत.

एक टन लोहखनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड उपसावा लागतो. तो रचला की झाला ‘डंप’. त्यात नत्र नाही, सेंद्रिय अंश नावापुरता. वर तीन हजार मिलिमीटरचा पाऊस! झाडोरा नसेल तर लाल चिखल थेट खालच्या भातशेतात. म्हणजे इथली हिरवाई शोभेची नाही, कुणाचं तरी पीक त्यावर अवलंबून आहे.

म्हणून उताराला पायऱ्या, पायथ्याशी चर आणि गाळाची तळी, अंगावर काथ्याची जाळी आणि मग रोपं. बहुतेक डंपांवर दिसतो तो ऑस्ट्रेलियन अकेशिया. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र पकडतात, त्यामुळे निकस मातीतही पठ्ठ्या भराभर वाढतो. पण खाली डोकावलं तर लवकर न कुजणाऱ्या पानांचा जाड थर. दुसरं फारसं काही उगवत नाही. लांबून जंगल, जवळून एकाच झाडाची कवायत! साखळीच्या जुन्या खाणीवर ‘सेसा’ने काजू, बांबू लावले, फुलपाखरांसाठी बाग केली. हा प्रयोग त्या मानाने जिवंत वाटतो.

खरी गंमत पुढेच आहे. चीनने कमी प्रतीचं खनिजही उचलायला सुरुवात केली, तेव्हा 2000 नंतरच्या तेजीत जुने डंप पुन्हा उकरले गेले. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केली, 2024 पासून लिलाव झालेल्या खाणी सुरू होऊ लागल्या. थोडक्यात, खालचा कचरा ‘कचरा’ आहे तोवरच वरचं झाड सुरक्षित. त्याला भाव आला, की जंगलाचा पुन्हा डंप!

कसं जाल : पणजीहून साखळी तासाभरावर. डंप रस्त्यावरूनच बघा, परवानगीशिवाय आत शिरू नका. जवळच हरवळ्याचा धबधबा आणि लेणी आहेत. बीच काय, संध्याकाळीही तिथेच असतो.