तुमची कंपनी जिंकली

मामेभावाने त्याची सेंच्युरो भंगारात काढली तेव्हा मी तिथेच होतो. भंगारवाल्याने टाकीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, "काहून भाऊ, महिंद्रा मोटारसायकल पण बनवत होती?" प्रश्न साधा होता, पण मला लागला. बनवत होती म्हणजे काय? ॲसेनला जिंकली होती!

26 जून 2016, रविवार. पाऊस येतो-येतो म्हणत दडून बसलेला, कूलर अजून चालू, बाबा जेवून आडवे झालेले. टीव्हीवर हॉलंडच्या ॲसेनची मोटो-3 शर्यत. अडीचशे सीसीच्या गाड्या आणि शेवटच्या वळणापर्यंत एकमेकांच्या अंगावर जाणारी पोरं. एकोणीस वर्षांचा फ्रान्चेस्को बान्याया महिंद्रावर पहिला आला. भारतीय कंपनीच्या गाडीने ग्रांप्री जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

"बाबा, तुमची कंपनी जिंकली!"

"कशात? ट्रॅक्टरची रेस होती का बे?"

बक्षीस समारंभात इटलीचं राष्ट्रगीत लागलं. बाबा उठून बसले होते. "आपलं नाही लावत?" गीत स्वाराच्या देशाचं असतं, गाडीच्या नाही, असं मी समजावलं. "मंग काय जिंकली," म्हणून ते पुन्हा कुशीवर वळले.

खरं तर ती त्यांची कंपनी नव्हतीच. हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. बाबा त्याच भागातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर होते. पण रस्त्यावर लाल ट्रॅक्टर दिसला की "आपला" म्हणायचे.

त्या दिवशी बान्यायाच्याच गॅरेजमध्ये, तसल्याच गाडीवर आणखी एक पोरगा होता. माद्रिदचा होर्हे मार्टिन. या खेळात पहिला वैरी म्हणजे आपला सहकारी. गाडी तीच, म्हणजे हरलो तर सबब नाही. 2008 साली यामाहाच्या गॅरेजमध्ये रोस्सी आणि लोरेन्झो यांच्यामध्ये चक्क भिंत उभी होती. एकाचे टायर ब्रिजस्टोनचे, दुसऱ्याचे मिशेलिनचे. इकडची माहिती तिकडे जायला नको. महिंद्राकडे आणखीच गंमत. ऑगस्ट 2016 मध्ये ब्रनोच्या पावसात मार्टिन दुसरा आला आणि पहिला आला तो मॅकफी, प्यूजोवर. प्यूजोच्या स्कूटरच्या धंद्यातला 51 टक्के वाटा महिंद्राने आदल्या वर्षी घेतलेला. प्यूजोचं नुसतं नाव, खाली गाडी महिंद्राचीच. घरच्याच गाडीने घरच्या पोराला हरवलं.

नाव बदलणं या घराण्याला नवं नाही म्हणा. 1945 साली कंपनी निघाली ती महिंद्रा अँड मोहम्मद म्हणून. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये पाटीवर दोन्ही बाजूंना महिंद्राच उरले. याचा शर्यतीशी काही संबंध नाही. पण पेट्रोलच्या टाकीवर ते नाव दिसलं की मला हे आठवतंच.

2017 संपताच महिंद्राने मोटो-3 सोडलं. माझा राग अजून गेलेला नाही. कारण पुढे काय झालं बघा. महिंद्रावर शिकलेली हीच दोन पोरं मोटो-जीपीच्या जगज्जेतेपदासाठी लागोपाठ दोन वर्षं शेवटच्या शर्यतीपर्यंत भांडली. 2023 बान्यायाने नेलं, 2024 मार्टिनने, अवघ्या दहा गुणांनी. त्या 2023 मध्येच ग्रेटर नोएडाला शर्यत झाली, तेव्हा बान्याया पडला आणि दुसरा आलेला मार्टिन उकाड्याने गळून गेला. सप्टेंबरमध्ये! आमच्याकडे मे महिन्यात आला असता तर काय झालं असतं?

मार्टिनकडे मात्र माझा जीव ओढतो. तो प्रामाकच्या संघात होता, म्हणजे गाडी डुकाटीची पण कारखान्याच्या संघाबाहेर. 2025 साठी ती कारखान्याची जागा आपलीच असं त्याने धरलं होतं. डुकाटीने ती जून 2024 मध्ये मार्क मार्केझला दिली. मार्टिन एप्रिलियाकडे गेला, आणि तेच वर्ष जिंकून एक नंबरही डुकाटीकडून घेऊन गेला.

बाबांच्या वर्कशॉपमध्येही एकदा अशीच फोरमनची जागा रिकामी झाली होती. सगळे त्यांनाच फोरमन म्हणू लागले होते. मालकाने पुण्याहून माणूस आणला. बाबा गेले नाहीत, निवृत्तीपर्यंत त्याच लेथवर राहिले. "माणूस हुशार होता," एवढंच म्हणायचे, आणि तो होताही. आई मात्र त्या मालकाच्या मुलीच्या लग्नाला गेली नाही.

2025 चं जगज्जेतेपद मार्केझने जपानमध्येच, पाच ग्रांप्री शिल्लक असताना, खिशात टाकलं. मार्टिन दुखापतींमुळे बऱ्याच शर्यतींना मुकला. धंद्याच्या हिशेबाने डुकाटीचं बरोबरच ठरलं. तरी त्या जागेवर हक्क मार्टिनचाच होता.