गाडीच्या तोंडून

गेल्या माघांत आम्ही जालन्याहून नागपुरास गेलों, त्या प्रवासांतील ही हकीकत आहे. धाकटे बंधू आतां हिंडूं-फिरूं लागले आहेत, म्हणूनच ती लिहावयास हात धजतो.

नागपुरास बंधूंच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. मातोश्रींचें वय सत्त्याऐंशी. "सर्व पार पडल्यावर आईला सांगा, आधीं नको," असें बंधूंनीं आम्हांस बजावलें होतें आणि तें आम्हांसही पटलें होतें. आईस एवढेंच सांगितलें कीं, नागपूरच्या नातवंडांस पाहावयास जावयाचें आहे. चिरंजिवांनीं आठच दिवसांपूर्वीं नवी मोटार घेतली होती. तेव्हां दुसरें निमित्त शोधावें लागलें नाहीं. जुन्या जालन्यांतून निघून समृद्धि महामार्गास लागलें म्हणजे चारएक तासांत नागपूर येतें. ११ डिसेंबर २०२२ रोजीं हा रस्ता नागपूर ते शिर्डी असा खुला झाला; त्यापूर्वीं याच प्रवासांत आमचा दिवस मोडत असे.

आदल्या सायंकाळीं नातवानें आमचा फोन गाडीस 'जोडून' दिला. जोडणें म्हणजे दोरीनें जोडणें, अशी आमची समजूत. पण येथें दोरी नव्हतीच. गाडीच्या पडद्यावर सहा आंकडी संख्या उमटली, तीच फोनवरही उमटली. दोन्ही एकच आहेत असें पाहून नातवानें होकार दिला, आणि गाडी व फोन यांचें सख्य झालें. मग फोननें विचारलें, तुमच्या ओळखीच्या मंडळींचीं नांवें गाडीस देऊं काय? नातवानें तेथेंही होकार दिला. आम्हीं हरकत घेतली नाहीं, कारण आम्ही भलत्याच विचारांत होतों. या सोयीस ब्ल्यूटूथ म्हणतात, आणि तें नांव दहाव्या शतकांतील हॅरल्ड नांवाच्या डेन राजाच्या टोपणनांवावरून घेतलेलें आहे. निळे दांत आहेत ज्याचे तो नीलदंत, बहुव्रीहि समास. नातवास विग्रह करून दाखविण्यांत आम्ही गुंतलों आणि तिकडे सर्व नांवें गाडींत गेलीं.

सकाळीं सहास निघालों. चिरंजिवांचा फोन दोरीनें गाडीस लाविलेला होता व त्यांतील नकाशा गाडीच्या मोठ्या पडद्यावर दिसत होता. आम्ही त्यांच्या शेजारीं, मागें मातोश्री व नातू. पुढील दोन आसनांच्या मध्यें एक रबरी तबक होतें व त्यावर विजेची खूण होती. "ह्यावर फोन नुसता ठेवला कीं तो भरतो," असें नातवानें सांगून ठेवलें होतें. आमचा फोन पांच-सहा वर्षांचा जुना; रात्रीं तो भरावयाचा राहिला होता आणि शेंकडा अकराच उरला होता. आम्हीं तो तबकांत ठेवला व निश्चिंत झालों.

सिंदखेडराजा मागें पडलें, मेहकरही गेलें. आईचा डोळा लागला असावा असें वाटत होतें. इतक्यांत पडद्यावर भावजयीचें नांव ठळक अक्षरांत उमटलें व गाडीभर घंटा वाजली. आम्हीं तबकाकडे हात नेला. परंतु त्यापूर्वींच चिरंजिवांनीं संवयीनें सुकाणूवरील कळ दाबली. त्यांचें तरी काय चुकलें? गाडी चालवितांना फोन हातांत धरल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें एक हजारापासून पांच हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. हात मोकळे राहावेत म्हणूनच ती कळ दिलेली असते.

"दादा," भावजय म्हणाली, आणि तिचा आवाज चारही दारांतून आला, "उद्यां सकाळीं आठास नेणार आहेत. तीन नळ्या तुंबल्या आहेत म्हणतात. कागदावर सही कोण करणार, असें विचारताहेत. आईंना अजून कळलें नाहीं ना?"

आमच्या तोंडून शब्द निघेना. "आम्ही सर्व गाडींत आहों," एवढेंच म्हटलें. त्याचा अर्थ लागावयास तिला क्षणभर लागला. मग ती अगदीं हलक्या आवाजांत म्हणाली, "बरें. तासाभरांत डॉक्टर येऊन जातील. मग ह्यांना तुमच्या फोनवर बोलायला देतें." तो हलका आवाजही मागील आसनापर्यंत स्वच्छ पोंचला.

कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. मग आई म्हणाली, "काल सांगितलें असतेंस, तर देव पाण्यांत ठेवून निघालें असतें."

आम्हांजवळ उत्तर नव्हतें. मुलांच्या खोट्या सबबी पकडण्यांत ज्यानें आयुष्य घालविलें, त्या मास्तराची सबब मोटारीनें पकडली होती.

तासाभरानें फोन येणार म्हणून तबकांतून आमचा फोन उचलून पाहिला, तों शेंकडा चार! भरणें दूरच, तो उलट उतरला होता. नातवानें मागून वांकून पाहिलें आणि ओशाळून म्हणाला, "आजोबा, तुमचा फोन ह्यावर भरणारा नाहीं वाटतें." पुढें त्यानें समजाविलें तें असें. तबकाच्या पोटांत तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतील बदलत्या प्रवाहामुळें फोनमधील दुसऱ्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. पण आमच्या फोनांत दुसरें वेटोळेंच नाहीं. स्वस्त फोनांत तें बहुधा नसतें. तोंड नसलेल्या पाहुण्यास पाटावर बसवावें, तसें आम्हीं त्यास तबकांत बसविलें होतें.

चिरंजीव म्हणाले, "आजी, माझ्या फोनवरून काकांना लावून देतों." आईनें मान हलविली. "ती ह्याच्या फोनवर देतें म्हणाली आहे. आणि मला तें गाडीच्या तोंडून नको. त्याला आईशीं जें बोलायचें तें चौघांत कसें बोलेल तो?"

तेव्हां दोरी शोधणें आलें. चिरंजिवांची दोरी नव्या लंबगोल तोंडाची, टाइप-सी म्हणतात ती. उलटी-सुलटी कशीही बसते. युरोपीय संघानें २८ डिसेंबर २०२४ पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांस हेंच तोंड सक्तीचें केलें आहे. आमच्या फोनास ती बसेना. शेवटीं आमच्या पिशवींतील जुनी दोरी सांपडली व ती चपट्या छिद्रांत लाविली. अशा जुन्या छिद्रांतून पुष्कळदां पांच व्होल्टांवर अर्धा ॲम्पियर, म्हणजे अवघी अडीच वॅट वीज मिळते. पडदा उजळलेला व नकाशा चालू असला तर फोन तेवढी तेव्हांच खाऊन टाकतो. म्हणून आम्हीं पडदा मालवून फोन मांडीवर ठेवला आणि त्यास कोणी हात लावूं नये अशी ताकीद दिली. दर पांच मिनिटांनीं तो उजळून पाहण्याचा मोह मात्र आम्हांसच होत होता.

नातवानें आणखी एक गोष्ट दाखविली. फोनमधील ब्ल्यूटूथच्या यादींत गाडीच्या नांवाखालीं कॉलची एक निराळी खूण असते. ती काढून टाकली कीं गाणीं गाडींत वाजतात, बोलणें मात्र फोनांतच राहतें. एवढी एक खूण आदल्या सायंकाळीं काढली असती तर! समासाचा विग्रह चार दिवस थांबला असता.

कारंज्याच्या सुमारास विश्रांतिस्थळ लागलें, तेथें पंपापासून दूर गाडी उभी केली. चिरंजिवांनीं यंत्र बंद केलें नाहीं. तें बंद केलें कीं छिद्रांतील वीजही जाते. दोरी आंखूड, मागील आसनापर्यंत पोंचत नव्हती. तेव्हां आईस हात देऊन पुढें आमच्या जागीं बसविलें आणि आम्ही तिघे बाहेर उतरलों.

फोन आला. कांचेंतून दिसत होतें तें एवढेंच: आई दोरीच्या बाजूस मान कलती करून बसली होती, फोन कानाशीं दोन्ही हातांनीं धरला होता, ओंठ हलत होते. मध्यें बराच वेळ ते हलले नाहींत. नातवानें जवळ जाऊन ऐकूं पाहिलें, त्यास आम्हीं मागें ओढलें.

दहा मिनिटांनीं तिनें दार उघडून फोन आमच्या हातांत दिला. शेंकडा अकरा उरले होते. "नातवंडें संध्याकाळीं भेटतील," ती म्हणाली. "आधीं दवाखान्यांत ने."