हातात बॅट, पायात काय?

ऑफिसच्या पँट्रीशेजारी टीटीचं टेबल असतं ना, तिथे एकदा पाच मिनिटं उभे राहा आणि खेळणाऱ्यांच्या हातांकडे न बघता फक्त पायांकडे बघा. जाम मजा येते! एकाच्या पायात चकचकीत फॉर्मल शूज, लेदरचा सोल, त्यामुळे व्हिट्रिफाइड टाइल्सवर साहेब खेळतायत कमी आणि घसरतायत जास्त. दुसरीने सँडल्स टेबलाखाली ढकलून दिलेत, ती अनवाणी. तिसरा मॅरेथॉनवाला, त्याच्या पायात जाडजूड टाचेचे रनिंग शूज. आणि तिघांचाही फंडा एकच. पाय जमिनीत रोवायचे आणि कमरेतून वाकून हाताला लागेल तो चेंडू ढकलायचा. वीस मिनिटांत सगळे घामाघूम, "काय सॉलिड वर्कआउट झाला यार!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सगळे लिफ्टमध्ये कंबर धरून उभे.

मी फ्रीलान्सर, त्यामुळे माझं ऑफिस दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं. ऐरोली, वागळे इस्टेट, अंधेरी... बऱ्याच ठिकाणची टेबलं पाहिली. पण टीटी हा मुळात पायांचा खेळ आहे, हे मला यातल्या कुठल्याच एसी ऑफिसात कळलं नाही. ते कळलं अंबाडीत.

अंबाडी म्हणजे ती आंबट भाजी नव्हे! भिवंडी-वाडा रोडवरची अंबाडी. मुंबई-ठाण्याची मंडळी वज्रेश्वरी-गणेशपुरीला निघाली की याच नाक्यावरून वळतात. रस्त्याच्या खड्ड्यांना शिव्या घालतात आणि पुढे जातात. मी तिथेच उतरते, कारण तिथे माझा मामा राहतो. मामीच्या हातची तांदळाची भाकरी हे एक कारण, आणि भातगिरणीच्या मागचा गाळा हे दुसरं.

मामा अठ्ठावन्न वर्षांचा आहे. त्यातली पंचवीसएक वर्षं भिवंडीत यंत्रमागावर गेली. एक माणूस चार-सहा माग सांभाळतो. इकडे धागा तुटला, तिकडे कांडी संपली, की धाव. दोन मागांमधली वाट इतकी चिंचोळी असते की सरळ चालायला जागाच नसते, आडवंच सरकावं लागतं. अर्धं पाऊल डावीकडे, अर्धं उजवीकडे, नजर मात्र कापडावर. बारा-बारा तासांची पाळी आणि पायात रबरी स्लिपर. पाळी सुटली की मामा दोस्तांबरोबर एका हॉलमध्ये टीटी खेळायला जायचा. तिथे म्हणे त्याला पाय हलवायला कोणी शिकवलंच नाही. "ते मला येतच होतं, बॅट तेवढी नवीन होती," असं तो सांगतो. यात थोडा मसाला असणार, पण त्याला खेळताना पाहिलं की पटतं.

पुढे मालकाने माग विकले आणि मामा गावी परतला. आता एका गोडाऊनमध्ये मालाचा हिशेब ठेवतो. ठाण्यातलं कुठलंसं ऑफिस बंद झालं, तेव्हा तिथलं टेबल त्याने आणि गिरणीवाल्या मित्राने जवळजवळ भंगाराच्या भावात उचललं. ते गिरणीमागच्या गाळ्यात लावलं. संध्याकाळी गोडाऊनमधली पोरं येतात, लोडर, पॅकिंगवाले, एक-दोन कबड्डीपटू. कबड्डीवाल्यांना मामा दोन दिवसांत तयार करतो. गुडघ्यात वाकून उभं राहणं त्यांच्या अंगात मुरलेलंच असतं. आमच्यासारखी खुर्चीवरची माणसं दोन महिन्यांतही तेवढी वाकत नाहीत.

कारण उभं राहण्यातच अर्धा खेळ आहे. पाय खांद्यापेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, अंग जरा पुढे, आणि वजन चवड्यांवर. टाच टेकल्यासारखी दिसते, पण तिच्याखालून कागद सरकेल एवढी फट हवी. चेंडू मारला की काम संपत नाही, लगेच परत जागेवर यायचं. टेबल नऊ फूट लांब, पाच फूट रुंद आणि चेंडूचं वजन जेमतेम २.७ ग्रॅम! पण तेवढ्याशा चेंडूसाठी सत्तर किलोचा देह मिनिटाला कितीदा थांबवायचा, वळवायचा आणि परत ढकलायचा, ते सगळं पोटऱ्या, गुडघे आणि घोट्यांच्या खात्यात जमा होतं. पाय हलले नाहीत तर बिल कंबर आणि खांद्याच्या नावावर फाटतं. ऑफिसमध्ये तेच होतं.

मी मामाला मोबाइलवर फाल्केनबर्गचा व्हिडिओ दाखवला. स्वीडनमधल्या याच नावाच्या गावावरून ओळखला जाणारा हा सराव. १९७१चा जगज्जेता स्टेलान बेंग्टसन तिथलाच. डाव्या कोपऱ्यातून एक बॅकहँड, मग तिथेच पाय फिरवून फोरहँड, मग धावत उजव्या कोपऱ्यात जाऊन आणखी एक फोरहँड, आणि पुन्हा पहिल्यापासून. मामाने तीनदा पाहिला आणि म्हणाला, "हा फाळकेबर्ग आपल्याकडचाच दिसतो." तेव्हापासून गाळ्यात त्याचं नाव 'फाळके'. "चला रे, दहा-दहा फाळके!"

आता थोडा इतिहास, कारण तो चक्क आपल्या मुंबईतला आहे. १९५२ साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली, आशियात पहिल्यांदाच. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. बाकीच्यांच्या दाणेदार रबराच्या बॅटींतून टक-टक आवाज यायचा, याच्या बॅटमधून आवाजच येईना. चेंडू किती जोरात सुटलाय ते समोरच्याला कळायच्या आत पॉइंट गेलेला. सातो जगज्जेता झाला. १९५९मध्ये बॅटच्या रबराची जाडी नियमात बसवावी लागली, पण वेग आणि फिरकी काही परत गेली नाही. २०००मध्ये चेंडू ३८चा ४० मिलिमीटर झाला, २००१मध्ये गेम २१ऐवजी ११ पॉइंटचा झाला. चेंडू जरा हळू झाला तरी रॅली लांबल्या. थोडक्यात, पन्नास वर्षं या खेळातलं ओझं हातातून पायांकडे उतरत गेलंय. आठ वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला आपला कमलेश मेहता काय, किंवा २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत महिला संघाबरोबर सुवर्ण जिंकलेली ठाण्याची मधुरिका पाटकर काय, यांचे जुने सामने सापडले तर पाहा. आणि कॅमेरा पाय दाखवत नाही म्हणून चिडा, मी चिडते.

असो. गाळ्यात जमीन आहे कोब्याची. वर भाताचा तूस उडत येऊन बसतो आणि कोबा साबण लावल्यासारखा होतो. म्हणून दारात ओलं गोणपाट पसरलेलं असतं. त्यावर सोल पुसल्याशिवाय टेबलाजवळ यायचं नाही. मोठमोठे खेळाडूही ओल्या टॉवेलवर बूट पुसतात, ते याचसाठी. घसरणं गोणपाटाने थांबतं, पण कोब्याचा टणकपणा थांबत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमात सरळ लिहिलंय, खेळाची जमीन वीट, सिरॅमिक, काँक्रीट किंवा दगडाची नसावी. मोठ्या स्पर्धांना लाकूड किंवा मान्यताप्राप्त सिंथेटिक मॅट लागते. म्हणजे मामाचा कोबा बाद, तुमच्या पँट्रीतल्या टाइल्स बाद आणि आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधली शहाबादीही बाद! आपण सगळेच चुकीच्या जमिनीवर खेळतो. मग मधे उरतो तो फक्त बूट.

गेल्या पावसाळ्यात मामाची उजवी टाच गेली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखी कळ, मग दहा-पंधरा पावलांनी कमी होते. दिवसभर बरं आणि संध्याकाळी खेळून घरी आला की पुन्हा लंगडत. आधी तो अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून बसला. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मामी म्हणाली, "पुरे झाला आता खेळ. लोकं या वयात गुडघे सांभाळतात, हा टाचा फोडतोय." मामा गप्प. तो गप्प बसला की मला भीती वाटते. माग गेले तेव्हाही असाच महिनाभर गप्प होता, मामी सांगते. तो गाळा म्हणजे त्याची संध्याकाळ आहे आणि त्या पोरांचीही. ते टेबल घडी करून भिंतीला लागलं तर सात वाजता तो जाणार कुठे?

त्याच सुमारास मामेभावाने पुण्याहून त्याच्यासाठी रनिंग शूज आणले. मऊ, फुगीर, टाच चांगली तीन बोटं उंच. मामा खूश! पहिल्याच संध्याकाळी उजवीकडे फाळके मारायला गेला आणि घोटा आत वळला. टेबल धरलं म्हणून वाचला. मेख अशी की रनिंग शूज सरळ धावण्यासाठी बनतात. टाच टेकणार, पाय पुढे लोळणार, म्हणून टाचेखाली जाड गादी. टीटीत माणूस आडवा पळतो. जाड गादीवर आडवा जोर आला की ती एका बाजूला दबते आणि घोटा तिच्यामागे जातो. टीटीचे बूट म्हणूनच बसके असतात. पातळ गम रबराचा सोल, चवड्यापाशी वाकणारा, बाजूंनी घट्ट, पाय जमिनीला भिडलेला. बॅडमिंटनचे बूटही चालतात, त्यांची टाच फक्त जरा जास्त भरीव असते.

आता गंमत बघा. घोट्याला हवा पातळ सोल आणि दुखऱ्या टाचेला हवी गादी. मी मामाला ठाण्यात एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं तेव्हा तिनेही आधी कपाळाला हात लावला. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. रात्री तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला ताणला जातो, म्हणून ती कळ. कारणं? टणक जमिनीवर वर्षानुवर्षं उभं राहणं, आखडलेल्या पोटऱ्या, झिजलेले कॅनव्हास शूज आणि वर रोज दीड तास टीटी. "खेळ सोडायचा का?" हा प्रश्न मामाने विचारला नाही, मी विचारला. ती म्हणाली, सहा आठवडे टेबलापासून लांब, मग हळूहळू. घरातही कोब्यावर अनवाणी फिरायचं नाही, दिवसभर मऊ चप्पल. गोठवलेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवायची. जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घालून, टाचा सावकाश वर-खाली. आणि खेळायला बसका बूटच, आत टाचेपुरता सिलिकॉनचा पॅड. बहुतेकांना बरं वाटतं, पण महिने लागतात, आठवडे नाही.

सहा आठवडे मामा गाळ्यात स्टुलावर बसून पोरांवर ओरडला. मग आम्ही धोबी तलावला गेलो. बूट कसा बघायचा हे तिथल्या दुकानदाराने मस्त दाखवलं. हातात घेऊन वाकवा. चवड्यापाशी वाकला पाहिजे. बरोबर मधोमध मोडला तर ठेवून द्या. पिळून बघा, फार पिळवटला नाही पाहिजे. बुटात उभं राहून आडवे सरका. आत पाय सरकत असेल तर एक नंबर कमी. मामाने बूट चढवले, दुकानात दोन रॅकच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत वाकून उभा राहिला आणि सरकायला लागला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. बाकीची गिऱ्हाइकं बघत राहिली. किंमत ऐकून मात्र त्याने बूट काढले. "एवढ्यात नवं जाळं आणि चार डझन चेंडू येतील गं." खरं सांगायचं तर किंमत माझ्या एका लेखाच्या मानधनापेक्षा जास्त होती. अर्धे मी दिले. उरलेले अर्धे कोणी दिले असतील? मामीने, भिशीतले! "अट एकच," तिने फोनवर बजावलं. "आठवड्यातून तीनच दिवस, अर्धा-अर्धा तास. आणि दिवाळीपर्यंत सकाळची पावलं कमी झाली नाहीत, तर टेबल गिरणीत."

ही सकाळची पावलं म्हणजे उठल्यावर दुखणारी पावलं. मामी ती मोजते, रोज. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा लिहिते आणि मला मेसेज करते. सुरुवातीला सोळा होती. बूट आल्यावर बारा झाली, मग नऊ, मग एका आठवड्यात सलग सहा. काल पुन्हा अकरा. मी फोन केला तर मामा म्हणाला, "नऊच होती, ती उंबऱ्यापासून मोजते." मागून मामीचा आवाज आला, "विचार त्याला, परवा किती फाळके मारले ते."