‘भाव खाणं’ म्हणजे काय?

बुटांच्या खोक्याला चीर पाडून मी नववीच्या वर्गात पेटी ठेवली होती. नाव न लिहिता काहीही विचारा, असं सांगितलं. पहिल्या आठवड्यात एकच चिठ्ठी आली : ‘बाई, मुलगी लई भाव खात आसंल तर तिला कसं पटवायचं?’

‘अभ्यासाकडे लक्ष द्या’ हे माझं ठरलेलं उत्तर. या वेळी थांबले. आमच्या फलटणमध्ये डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी इथल्याच बोलीचा अभ्यास केला आणि पुढे कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. मूल जे बोलतं तिथून शिकवायला सुरुवात करावी, हे मला त्या कामाकडे पाहून पटलेलं होतं. मग मी फळ्यावर ‘भाव खाणे’ एवढंच लिहिलं.

“म्हणजे ती नक्की काय करते?”

“बोलत नाही.” “बघत नाही.” “मेसेजला उत्तर देत नाही.” मुलगे भराभर सांगत होते.

मग मुलींना विचारलं, “तुम्ही असं कधी करता?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, “बोलायचं नसतं तेव्हा. सरळ नाही म्हटलं तर राग येतो ना त्यांना.”

मी ‘भाव खाणे’ खोडलं आणि तिथे ‘नाही’ लिहिलं.

पुढचे काही तास आम्ही सराव केला. जोडीतल्या एकाने वही किंवा सायकल मागायची. दुसऱ्याने कारण न देता ‘नाही’ म्हणायचं. मागणाऱ्याने ‘बरं’ म्हणून गप्प बसायचं. ‘नाही’ म्हणताना मुली अडखळल्या, ‘बरं’ म्हणताना मुलगे. “का पण?” तोंडातून निघायचंच. एक जण म्हणाला, “बरं म्हणताना छातीत दुखतं, बाई.”

“दुखणारच,” मी म्हटलं. “ते दुखणं तुझं आहे. ते तिच्यावर काढायचं नाही.”

नकारानंतरही मुलीचा पाठलाग करणं हा २०१३पासून कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे, हेही मी सांगितलं. सांगताना मला एक जुनी विद्यार्थिनी आठवली. एक मुलगा स्टँडपासून रोज मागे येतो, असं तिने मला सांगितलं होतं. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, “तू रस्ता बदल.”

तिचा रस्ता बरोबरच होता. त्या मुलाला ‘बरं’ म्हणायला आम्ही कुणी शिकवलं नव्हतं.